अस्तराचा हात

पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यामागं पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथं आश्रुबा सुतारानं दीड महिना बसून सगळं पूर्णा स्टेशन सागवानात उतरवलं होतं. आठ फूट लांब, चार फूट रुंद पाट. त्यावर स्टेशनची इमारत, दोन फलाट, पाण्याची टाकी, इंजिनाची शेड, मालाचं गोदाम आणि पलीकडं रेल्वेच्या क्वार्टरांची एक रांग. खऱ्या एका फुटाला इथं पाव इंच. दारं बोटाच्या दोन पेरांएवढी, खिडक्यांचे गज दाभणासारखे.

रेल्वे खासगी कंपनीकडून निजाम सरकारच्या ताब्यात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. हैदराबादच्या बड्या कचेरीत लाइनवरच्या मोठ्या स्टेशनांचे नमुने मांडायचं ठरलं आणि पूर्ण्याचं काम हमीद साहेबांकडं आलं. हमीद साहेब इमारतींचे इन्स्पेक्टर. हळू बोलणारा, कपड्याला डाग न लागू देणारा माणूस. सुतारकाम संपल्यावर त्यांनी नमुन्याभोवती एक चक्कर मारली आणि पेंटर लिंबाजीला हाक मारली.

लिंबाजी पुढं झाला. परभणीपासून नांदेडपर्यंत स्टेशनांच्या पाट्यांवरची नावं पंधरा वर्षं त्याच्याच हातची होती. हे काम आपल्याकडंच येणार यात त्याला शंका नव्हती. त्यानं दोन नवे कुंचलेही बाजूला काढून ठेवले होते.

"लिंबाजी, लकडी को अस्तर तुम मारो," साहेब म्हणाले. "ऊपर का रंग भुजंग करेगा."

लिंबाजीला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. "कोन, साहेब?"

"भुजंग. बारीक काम है. उसका हात बारीक है."

"जी, साहेब," लिंबाजी म्हणाला.

भुजंग त्याचा साडू. लिंबाजीची बायको कडूबाई थोरली, भुजंगची कमळ धाकटी. भुजंगचं घर पाथरीकडचं. तीन वर्षांपूर्वी रोग येऊन त्यांची मेंढरं पटापटा मेली, तेव्हा कडूबाईनं नवऱ्याच्या मागं लकडा लावला. माझ्या बहिणीचा संसार उघड्यावर पडायलाय, तुमच्या हातात असून तुमी गप कामून? लिंबाजीनं साहेबांकडं जाऊन शब्द टाकला आणि भुजंगला आपल्या हाताखाली लावून घेतलं. पहिलं वर्ष भुजंगनं कुंचले धुतले. दुसऱ्या वर्षी तो अक्षरं भरायला लागला. तो लिंबाजीला दादा म्हणायचा आणि त्याच्यासमोर तंबाखूची चंची काढत नसे.

तोवर सगळं ठीक होतं. मग भुजंग पार्सल ऑफिसातल्या कारकुनाकडं बसून उर्दू वाचायला शिकला. लिंबाजीला उर्दू वाचता येत नव्हतं. साहेबानं दिलेल्या कागदावरून तो ती अक्षरं उतरवायचा, वेलबुट्टी उतरवावी तशी, आणि ती कधी चुकली नव्हती. एकदा मात्र चुकली. नवी पाटी वाळत होती, साहेब बघायला आले होते, आणि भुजंग म्हणाला, "दादा, हितं एक नुक्ता राहिलाय." साहेब हसले. वाईट हेतूनं नव्हे; पण हसले. भुजंगनं लगेच कुंचला घेऊन तो ठिपका देऊन टाकला. लिंबाजी त्या दिवशी घरी जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

आता त्याला अस्तर मारायचं होतं.

कोरं लाकूड रंग पितं. म्हणून आधी काचकागदानं घासायचं, भेगांत लांबी, म्हणजे लुकण, भरायची, मग सरस पाण्यात भिजवून कढवायचा, त्यात खडूची पूड आणि सफेदा कालवायचा आणि त्याचे दोन पातळ हात द्यायचे. एक हात वाळला की पुन्हा घासून दुसरा. सरस बरोबर पडला तर अस्तर लाकडाला असं धरतं की नख लावलं तरी निघत नाही. हे काम लिंबाजीइतकं लाइनवर कुणाला येत नव्हतं. त्यानं क्वार्टरांच्या भिंती केल्या, गोदामाच्या केल्या. पोरीच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवून पाहिलं. कुठं खडा नव्हता, कुठं ओघळ नव्हता.

मग भुजंग बसला.

त्यानं आधी एका फळीच्या तुकड्यावर करून दाखवलं. दगडी भिंतीचे थर, त्यांच्यामधला चुना, आणि टाकीखाली जिथं पाणी गळतं तिथं हिरवट काळी ओल. इतकी खरी की आश्रुबानं बोट लावून बघितलं आणि स्वतःवरच हसला.

"आयला, ओलं लागंल वाटलं मला," तो म्हणाला.

हमीद साहेबांनी तो तुकडा उन्हात नेऊन पाहिला आणि येताना भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा वर्षांत त्यांनी लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. लिंबाजी खाली मान घालून सरस ढवळत राहिला.

गोदाम झालं, क्वार्टरांची रांग झाली. बातमी वस्तीत पसरली आणि एका दुपारी बायका नमुना बघायला आल्या. त्यांच्यात कडूबाई आणि कमळही होत्या. संध्याकाळी लिंबाजी घरी आला तेव्हा कडूबाईचा चेहरा फुललेला होता. चुलीपुढं बसल्या बसल्या ती बोलायला लागली.

"अवो, आपलं घर हाय त्यात! आपलंच. चवथं दार. आन् मागच्या भितीवर मी गवऱ्या थापते ना, त्यासुदीक काढल्यात त्यानं. एवढ्या एवढ्या, तिळासारख्या. एक गवरी पडलीय, तिचा गोल डागबी हाय. बायका हसून हसून बेजार. मला म्हनायल्या, कडूबाई, तुज्या गवऱ्या हैद्राबादला चालल्या की!"

लिंबाजीनं हातपाय धुतले आणि पाटावर बसला.

"लय डोळा हाय त्या मानसाला," कडूबाई म्हणाली. भाकरी ताटात टाकताना तिनं विचारलं, "आन् त्यात तुमी काय केलं?"

"अस्तर."

"म्हंजी?"

"खालचा हात. रंगाच्या खाली असतो."

"दिसतो का तो?"

"न्हाई."

"हां," ती म्हणाली आणि कालवण वाढायला वळली. तिच्या मनात काही नव्हतं. तिनं विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण लिंबाजीनं हातातला घास ताटात ठेवला. ती भिंत त्याच्या घराची होती. त्या गवऱ्या त्याच्या बायकोच्या हातच्या होत्या. रोज सकाळी तो त्यांच्यासमोरून जायचा आणि त्याला त्या कधी दिसल्या नव्हत्या. भुजंगला दिसल्या. आपल्या बायकोचा हात त्या माणसानं आपल्याआधी पाहिला, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि ते एकदा आलं ते गेलं नाही.

आता स्टेशनची मुख्य इमारत उरली होती. सगळ्यांची नजर आधी तिच्यावर पडणार, म्हणून साहेबांनी ती शेवटी ठेवायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रुबा आणि भुजंग लिंबाच्या झाडाखाली भाकरी खायला बसले. लिंबाजी शेडमध्ये एकटा होता. त्यानं सरसाची पुडी सोडली. एवढ्या भिंतींना तीन मुठी लागतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं अर्धी मूठ भांड्यात टाकली आणि उरलेला सरस पुडीत बांधून खिशात घातला. वर खडू आणि सफेदा नेहमीइतका घातला. ढवळल्यावर ते नेहमीसारखंच दिसलं. दुधासारखं पांढरं.

त्यानं त्या भिंती नेहमीपेक्षा जास्त मन लावून रंगवल्या, कडा साफ काढल्या, कमानींच्या आतून बारीक कुंचला फिरवला. काम करताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. रंग निघून खाली पडला की सगळे भुजंगचा हात बघतील. खालचा हात कुणाला दिसतो?

तिसऱ्या दिवशी भुजंगनं रंग कालवले आणि बसण्याआधी इमारतीवरून बोट फिरवलं. मग बोटाकडं पाहिलं. टोकाला पांढरी पूड लागली होती.

"दादा, वाळलं न्हाई का आजून?"

"वाळलंय."

"पूड निघायलीय थोडी."

"घासल्याची हाय ती. फडक्यानं पूस आन् मार," लिंबाजी म्हणाला.

"बरं," भुजंग म्हणाला. त्यानं फडक्यानं पुसलं आणि कुंचला उचलला. दादानं सांगितलं म्हटल्यावर त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

चार दिवस तो त्या इमारतीपुढं बसून होता. लिंबाजी त्याच शेडमध्ये पाट्या घासायचा आणि मधूनमधून नजर टाकायचा. एकेक दगड उभा राहत होता. तिकिटाच्या खिडकीखाली लोकांच्या हातांनी झालेला मळकट पट्टा आला. मुसाफिरखान्याच्या कोपऱ्यात पानाचे डाग आले. छताखाली इंजिनाच्या धुरानं धरलेली काजळी इतकी हलकी आली की ती कुंचल्यानं लावली हे पटेना. हे आपल्याला येत नाही, हे लिंबाजीला त्या चार दिवसांत स्वच्छ कळलं. वय झालं म्हणून, डोळे गेले म्हणून, साहेबाची मर्जी नाही म्हणून, असलं काही नव्हतं. पंधरा वर्षांत कधीच येत नव्हतं आणि पुढंही आलं नसतं. हे कळल्यावर त्याला पश्चात्ताप व्हायला हवा होता. त्याला वाटलं, लवकर निघू दे.

पण निघेना. एक दिवस गेला, दोन गेले. सकाळी शेडमध्ये आला की तो आधी त्या भिंतीकडं बघायचा. भिंत धडधाकट. कधी त्याला हायसं वाटायचं, कधी राग यायचा.

काम संपल्यावर चौथ्या दिवशी हमीद साहेबांनी नमुना मुसाफिरखान्याच्या व्हरांड्यात मांडायला सांगितला. आठवड्यानं तो हैदराबादला जायचा होता; त्याआधी गावातल्या लोकांनी आणि उतारूंनी बघावा. चैत्राचं ऊन होतं. दुपारनंतर व्हरांड्यात पश्चिमेची तिरीप यायची आणि थेट नमुन्यावर पडायची. दोन दुपारी लोकांनी गर्दी केली. तिसऱ्या दुपारी कुणीतरी ओरडलं.

लिंबाजी गेला तेव्हा साहेब आधीच आले होते. स्टेशनच्या इमारतीचा रंग वाळल्या पानासारखा वळून उठला होता. तिकिटाची खिडकी, मळकट पट्टा, काजळी, सगळं खपल्या होऊन फलाटावर पडलं होतं. बाकीच्या भिंती, गोदाम, क्वार्टरं, जशीच्या तशी होती.

"ये क्या है, भुजंग?" साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

भुजंग पुढं झाला आणि त्यानं एक खपली उचलली. लिंबाजीचं सगळं लक्ष त्या खपलीवर होतं. रंग अस्तरावरून सुटला असता तर दोष वरच्या हाताचा. भिंत पांढरीच राहिली असती. पण भिंतीवर कोरं सागवान दिसत होतं आणि अस्तर रंगासोबत निघून आलं होतं. पेंटरच्या हाताखाली महिनाभर राहिलेल्या माणसालाही हे कळलं असतं.

भुजंगनं खपली उलटी केली. मागची पांढरी बाजू बघितली. अंगठ्यानं चोळली, तर तिची पूड झाली. मग त्यानं मान वर करून लिंबाजीकडं पाहिलं. क्षणभरच. खपली त्यानं मुठीत चुरगाळली.

"माझी चूक हाय, साहेब," तो म्हणाला. "तेल जास्त पडलं रंगात."

"तुमको मालूम नहीं था? धूप में रखनेवाले थे."

"चुकलं, साहेब."

आश्रुबा काहीतरी बोलायला गेला आणि मग वाकून खपल्या गोळा करायला लागला. लिंबाजी उभा राहिला. बोलायला एक शब्द पुरला असता. तो शब्द तोंडापर्यंत आलाही नाही.

साहेबांनी तिथंच निकाल दिला. पाच दिवस हातात आहेत. भिंती खरवडायच्या. अस्तर भुजंग मारेल, रंग लिंबाजी करेल. भुजंगनं या नमुन्याच्या रंगाला पुन्हा हात लावायचा नाही.

लिंबाजीला जे हवं होतं ते मिळालं होतं.

शेडमध्ये दोघंच राहिल्यावर त्यानं विचारलं, "भुजंग, कामून बोललास तसं?"

भुजंग पत्र्यानं भिंत खरवडत होता. त्यानं हात थांबवला नाही. "मी इचारलं होतं तुमाला. पूड निघायलीय म्हन्लो होतो."

"हां."

"तुमी मार म्हन्लाव." त्यानं भिंतीवर फुंकर घातली. "तुमी मला हितं आनलं, कामाला लावलं. माझी लेकरं तुमच्यामुळं खायलीत. तेवढ्यासाठी बोललो. आता ते फिटलं, मिस्त्री."

दादा नाही. मिस्त्री. भुजंगनं ते रागानं म्हटलं नव्हतं, चिडूनही नव्हतं. नवीन माणसाला म्हणावं तसं म्हटलं होतं.

लिंबाजीला वाटलं होतं, हा भांडेल, शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. हा माणूस रंगात सरस होता, तो आता मनानंही सरस निघाला होता. लिंबाजीच्या आत जे जळत होतं त्याला नवं सरपण मिळालं.

भुजंगनं अस्तर मारलं. दोन दिवसांत दोन हात. लिंबाजीनं त्यावरून बोट फिरवून बघितलं आणि काढून घेतलं. दोष काढायला जागा नव्हती. ते काम भुजंग त्याच्याकडूनच शिकला होता.

मग लिंबाजी रंगाला बसला. त्यानं जीव ओतला. दगडाचे थर फूटपट्टी लावल्यासारखे सरळ काढले. चुन्याच्या रेघा सारख्या जाडीच्या. कमानी नितळ. खिडकीखाली मळकट पट्टा काढून बघितला, तो बोर्डावरच्या रेघेसारखा आला. त्यानं तो पुसला. काजळी लावून बघितली, ती ढग आल्यासारखी दिसली, तीही पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंती झाल्या. साहेबांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "ठीक है." आणखी काही म्हणाले नाहीत. खांद्यावर हात ठेवायच्या जागी त्यांनी घड्याळ बघितलं.

त्या दुपारी कडूबाई भाकरी घेऊन शेडपर्यंत आली. एरवी भाकरी आणायला ती आणि कमळ जोडीनं यायच्या. चार दिवसांपासून कमळ तिच्यासोबत पाण्यालाही येत नव्हती. विचारलं तर म्हणाली होती, "अक्का, तू दाजींनाच इचार."

कडूबाईनं भाकरीचं फडकं ठेवलं आणि नमुन्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे तुमी केलंय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"लय साफ हाय. आपलं ठेसन असं कुठं हाय?" मग तिनं आवाज खाली आणला. "कमळ माझ्याशी बोलंना. काय केलं तुमी?"

लिंबाजीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. मग सांगितलं. सरसाची अर्धी मूठ, खिशातली पुडी, पूड लागलेलं बोट, खपली. सांगताना त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. कडूबाई रडेल किंवा तोंड सोडेल असं त्याला वाटलं होतं.

"माझ्या बहिनीच्या नवऱ्याचं नाव घालवलं," ती शेवटी म्हणाली. "कशापायी? त्या गवऱ्यांपायी?"

लिंबाजी दचकला. "तुला कसं—"

"मी त्या दिवशी बोलत होते तवा तुमचं तोंड बघितलं होतं मी. वाटलं, जाईल उद्याला." ती उठली. "साहेबाला जाऊन सांगा. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगन. मला मोडकीतोडकी येते त्याची बोली."

ती धमकी नव्हती. कडूबाई जे करणार ते आधी सांगून टाकायची, एवढंच. लिंबाजी पुढच्या काही मिनिटांत जागचा उठला, तो तिच्या भीतीनं की आणखी कशानं, हे त्याला स्वतःलाही नंतर कधी नीट सांगता आलं नाही. त्यानं हात पुसले, फेटा नीट केला आणि साहेबांच्या खोलीत गेला. साहेब कागदावर सही करत होते. शेजारी आश्रुबा नमुन्याच्या पेटीचं माप सांगत उभा होता.

"साहेब, भुजंगची चूक नव्हती. अस्तर माझं होतं. त्यात सरस मी कमी घातला."

"भूल गए?"

"न्हाई, साहेब. मुद्दाम घातला."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आश्रुबानं मापाची पट्टी पाठीमागं नेली, जणू तिच्यामुळंच काही झालं होतं.

"जान-बूझ के?"

"जी."

"क्यों?"

"त्याचा हात चांगला हाय म्हनून," तो म्हणाला. आपल्या तोंडून हे इतकं सोपं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

हमीद साहेब उठले आणि शेडमध्ये नमुन्यापाशी आले. मग त्यांनी भुजंगला बोलावलं. त्याला एवढंच विचारलं, की गाडी उद्या संध्याकाळी आहे, काय करता येईल?

भुजंग नमुन्यापुढं उकिडवा बसला. लिंबाजीच्या भिंती त्यानं सगळ्या बाजूंनी बघितल्या. "थर चांगले हायत," तो म्हणाला. "हे पुसायचं न्हाई. ह्याच्यावरच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तो बसला. लिंबाजीला निघून जाता आलं असतं. तो गेला नाही. त्यानं पाहिलं, की आपल्या सरळ, स्वच्छ भिंतीवर तो माणूस कापडाच्या बोळ्यानं मळ लावतोय, आणि भिंत जुनी होत होत खरी होतेय. पाऊस पडून गेलेला दिसला. उन्हाळे दिसले. खिडकीखाली हात आले. खालचे थर लिंबाजीचे होते आणि ते नसते तर वरचं काही उभं राहिलं नसतं, हे आश्रुबानं त्याला ऐकू येईल असं म्हटलंही. लिंबाजीला त्याचं समाधान झालं नाही. हे काम आपलं असतं तर, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

नमुना गेला. सोबत भुजंग गेला. चार दिवसांनी तार आली, की पूर्ण्याचा नमुना साहेब लोकांना फार पसंत पडला आणि तो कचेरीतच ठेवून घेतलाय. त्याच दिवशी लिंबाजीच्या हातात बदलीचा कागद पडला. हिंगोलीच्या फाट्यावर बोल्डा स्टेशनला जायचं. पुलांवरचे आणि मैलांच्या दगडांवरचे आकडे रंगवायचे. साहेबांनी नोकरीवरून काढलं नव्हतं. कडूबाईनं दोन दिवसांत सामान आवरलं. कमळ शेवटच्या दिवशी आली, बहिणीच्या गळ्यात पडून रडली, आणि लिंबाजीला वाकून नमस्कार करून निघून गेली.

हिंगोलीची गाडी लागली तेव्हा पलीकडच्या फलाटावर हैदराबादची गाडी आली. भुजंग उतरला. त्याच्या अंगात नवा सदरा होता. रूळ ओलांडून तो आला आणि लिंबाजीची पेटी बघून थांबला.

"चाललाव?"

"हौ. बोल्ड्याला."

भुजंगनं पेटीची एक कडी धरली, लिंबाजीनं दुसरी. दोघांनी ती डब्यात चढवली. कडूबाई आत जाऊन बसली. भुजंग खाली दारापाशी उभा राहिला, हात सदऱ्याला पुसत.

"बड्या साहेबानं इचारलं, भिती कोनी केल्या म्हनून," तो म्हणाला. "मी सांगितलं, दोघांनी केल्या. तुमचं नाव सांगितलं."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

भुजंग कडूबाईला "अक्का, येतो" म्हणून वस्तीकडं निघाला. त्याची पाठ लिंबाजीला गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत दिसली. त्याचं चालणंसुद्धा हलकं होतं. लिंबाजीच्या छातीत ते जुनं जळणं पुन्हा उठलं, तितकंच गरम.

गाडी हलली. स्टेशन मागं पडलं, टाकी मागं पडली.

"काय म्हन्ला?" कडूबाईनं विचारलं.

"बड्या साहेबाला दोघांचं नाव सांगितलं म्हन्ला."

"चांगलं झालं की मग."

"हौ." पुलाचा खडखडाट सरला, मग लिंबाजी म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं."

"ठाव हाय मला," कडूबाई म्हणाली. "ती खिडकी लावा. कोळसा डोळ्यात जायलाय."

त्यानं उठून खिडकी लावली.